इतर हक्क

सरकारनं माझंही नाव बदललं,
आता मी ग्राम महसूल अधिकारी.
पुरंदरच्या या कोपऱ्यात तसं कुणी म्हणत नाही.
तलाठीबाई म्हणतात,
आणि त्यातली 'बाई' जरा ओढून.

परिपत्रक आलं मार्चएंडच्या तोंडावर:
पत्नीचे नाव सातबाऱ्यास लावावे.
शुल्क नाही, मुद्रांक नाही.
शिबिर घ्यावे, फोटो पाठवावेत.
आणि शेवटच्या ओळीत, बारीक अक्षरात,
अर्ज पतीने करावा.

शाळेच्या व्हरांड्यात टेबल टाकलं.
दोनशे अकरा खातेदार, अर्ज सात.
एक म्हणाला, पुढल्या साली बघू.
एक म्हणाला, ती काय पळून चाललीय का?
एक नुसता हसला,
आणि बाकीच्यांना तेवढं पुरलं.
कोतवालानं खिचडी शिजवणाऱ्या चौघींना
हात पुसून पुढच्या रांगेत बसवलं.
फोटो छान आला.

सातव्या अर्जावर भिकोबा कुंजीरांचा अंगठा.
त्यांना हाताला धरून आणलं होतं चांगुणानं.
अंजिराची बाग तीस वर्षं तिची,
म्हणजे पहाटेची तोडणी तिची,
चिकानं सोललेली बोटं तिची,
पाटीत पाला अंथरून सासवडची गाडी गाठणं तिचं.
त्याच बोटानं तिनं उताऱ्यावर एक ओळ दाबली.
हे काय लिवलंय?

पोटखराबा, मी म्हटलं.
जमीन असते, पण लागवडीत मोजत नाहीत.
ती जरा थांबली.
"म्हंजी हाय, पर धरत न्हाईत."

आणि ह्ये?
इतर हक्क.
इथं सोसायटीचा बोजा येतो,
विहिरीतली पाळी, बांधावरची वाट,
आणि बहिणी,
आणि लवकर विधवा झालेल्या सुना.

"मग मला हितं नगं.
त्यांच्या खाली लिव, चालंल,
पर त्यांच्याच रकान्यात."

फेरफार धरला. नोटीस चावडीवर, पंधरा दिवस.
ती एक दिवसाआड यायची.
वाचता येत नव्हतं,
कागदाचा दुमडलेला कोपरा सरळ करून जायची.
चौदाव्या दिवशी हरकत आली,
टाईप केलेली, हिंजवडीहून.
हरकतदार: मुलगा.
कारण: कौटुंबिक.

सुनावणीला तो गाडी घेऊन आला.
मंडळ अधिकाऱ्यांनी विचारायच्या आधी
तिनंच विचारलं,
"नातवाच्या दाखल्यावर आईचं नाव आदी लागलं
तवा पेढं वाटलंस की रं.
तिचं कागदावर ग्वाड लागलं,
माझं बांधावर का खुपतंय?"
तो किल्लीशी खेळत राहिला.
पंखा बंद होता, तरी सगळे पंख्याकडं बघत होते.

त्या रात्री मी मोबाईलवर
आमच्या गावचा गट नंबर टाकला.
वडिलांच्या जागी दोन्ही भाऊ, समान हिस्से.
जुना फेरफार उघडला:
बहिणीने स्वखुशीने हक्क सोडला.
पदवीच्या शेवटच्या वर्षाला होते.
मसुदा भावानं आणला होता,
त्यात 'स्वखुशीने' राहिलं होतं.
शुद्धलेखन माझं चांगलं म्हणून
तो शब्द मीच वर घातला, काकपद देऊन.
त्या दिवाळीची साडी अजून आहे.
रंग गेलेला नाही.

जूनमध्ये नोंद मंजूर झाली.
चांगुणा आली, एकटी, पायात नवी चप्पल.
उतारा काढून दिला.
तिनं तो उलटा धरला, मग सुलटा,
मग विचारलं, मी कुटं हाय यात?
मी बोट ठेवलं.
तिनं माझं बोट बाजूला केलं
आणि स्वतःचं ठेवलं.

राहू द्या पैसे, म्हटलं.
ती ऐकेना.
पदराच्या गाठीतून दहाची नोट, पाचाचं नाणं,
टेबलावर एकाशेजारी एक.

"पंधराच ना?
मग पावती फाड.
आन् नाव नीट लिव,
'यांची बायकू' नगं."